पाम बीचवर गरम होते, की घोडबंदरला? जुनी गाडी हाती घेणाऱ्यांसाठी

मे महिन्यातली दुपार होती. भाईंदरकडून ठाण्याला येताना घोडबंदर रोडवर गायमुखच्या घाटात एक ट्रेलर बंद पडलेला आणि त्याच्या मागे हलायचं नाव न घेणारी रांग. आमची गाडी २००५ सालची, पेट्रोलवरची आणि सीएनजी किट बसवलेली, सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली. एसीची हवा कोमट यायला लागली तेव्हा मी फक्त ब्लोअर वाढवला. थोड्या वेळानं गोडसर वास आला, तो मला पुढच्या टेम्पोचा वाटला. तापमानाच्या काट्याकडे नजर गेली तोवर तो लाल पट्ट्याला टेकला होता. घर कासारवडवलीला, तीन-चार किलोमीटरवर. आता पोचतोच म्हणून मी गाडी तशीच रेटली.

सोसायटीच्या गेटपाशी बोनेटमधून वाफ निघाली आणि इंजिन बंद पडलं. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकलं होतं आणि त्याच्याखालचं सील, हेड गॅस्केट, तेही गेलं होतं. गॅरेजमधले मेकॅनिक म्हणाले ते वाक्य मी विसरलेले नाही: "ताई, गाडी गरम झाली म्हणून हेड गेलं नाही. गरम झाल्यावर चालवली म्हणून गेलं." मुळात फुटला होता तो एक रबरी पाइप, काही शे रुपयांचा. हेडचं काम पाच आकडी झालं.

आपल्याकडे पहिली गाडी बरेचदा सेकंडहँड असते, नाहीतर वडिलांची जुनी गाडी मुलामुलींकडे येते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच, गिअर, रिव्हर्स सगळं शिकवतात, पण तापमानाच्या काट्याबद्दल कोणी बोलत नाही. ते इथे सांगते.

आत काय चाललेलं असतं

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा कूलंटमधून (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून) बाहेर काढावा लागतो. वॉटर पंप (गॅरेजमध्ये याला वॉटर बॉडी म्हणतात) कूलंट इंजिनाभोवती फिरवतो, ते तापलेलं कूलंट रेडिएटरमध्ये येतं, तिथे वाऱ्यानं थंड होतं आणि परत आत जातं. मध्ये थर्मोस्टॅट नावाचा छोटा वॉल्व असतो. इंजिन थंड असताना तो बंद राहतो आणि साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो.

गाडी पळत असेल तर रेडिएटरला वारा आपोआप मिळतो. उभी असेल तर सगळी भिस्त त्याच्यामागच्या विजेच्या पंख्यावर. त्यात एसी चालू असला तर एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो, म्हणजे पंखा जी हवा ओढतो ती आधीच तापलेली. घोडबंदर रोडला मानपाड्यापासून गायमुखपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणारी गाडी, समोर ट्रकचा धूर आणि वर मे महिन्याचं ऊन: जुन्या कूलिंग सिस्टिमची याहून कडक परीक्षा नाही.

रेडिएटरच्या झाकणाचं महत्त्व नवख्यांना माहीत नसतं. ते आतला दाब धरून ठेवतं, बऱ्याच गाड्यांत ०.९ बारच्या आसपास. त्या दाबामुळे साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांच्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही. कुकरचंच तत्त्व. म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडणं म्हणजे वाफ जिरू न देता कुकर उघडणं. दाब सुटताच आतलं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर उडतं. चेहरा आणि हात भाजण्याचे प्रकार असेच होतात.

आपल्या गाडीचा काटा ओळखून ठेवा

पहिलं काम आजच करा. गाडी वीस मिनिटं चालवून गरम झाली की काटा कुठे थांबतो ते बघून ठेवा. बहुतेक गाड्यांत तो मधोमध किंवा त्याच्या किंचित खाली स्थिरावतो. तीच तुमच्या गाडीची नेहमीची जागा. तिथून सुपारीएवढा जरी वर सरकला, तरी काहीतरी बदललंय. काही गाड्यांत काटा नसतोच, निळा आणि लाल असे दोन दिवे असतात. निळा म्हणजे इंजिन अजून थंड, तो थोड्या वेळात विझतो. लाल लागला म्हणजे सूचनेची वेळ टळून गेलेली असते, तेव्हा थांबायचंच.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. चढत असलेला काटा मध्येच झपकन खाली पडला, तर गाडी थंड झाली असं समजू नका. कूलंट इतकं कमी झालेलं असू शकतं की सेन्सर कोरडा पडलाय आणि त्याला तापमानच कळत नाहीये. अशा वेळी लगेच इंजिन बंद करायचं.

काट्याच्या आधीही गाडी सांगत असते. एसी अचानक गार हवा द्यायचा थांबतो, पिकअप जड होतो, कूलंटचा गोडसर वास येतो, इंजिनाचा रबरी पट्टा (बेल्ट) किंचाळतो. पार्किंगमध्ये गाडीखाली डाग दिसला तर बोट लावून बघा. एसीचं पाणी बिनरंगी, बिनवासाचं असतं. हिरवा, लाल किंवा नारिंगी आणि बोटाला किंचित चिकट लागणारा डाग कूलंटचा. त्यातलं रसायन विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात. डाग दिसला की भरपूर पाणी टाकून धुऊन टाका, आणि उरलेल्या कूलंटचा डबा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

काटा वर चढायला लागला तर

लाल पट्टा अजून लांब आहे, पण काटा नेहमीच्या जागेवरून हलला आहे, अशा वेळी एसी लगेच बंद करा. काचा खाली घ्या आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा. मे महिन्यात हीटर लावायला सांगतेय हे वाचून कोणालाही वेडेपणा वाटेल, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा एक छोटा रेडिएटरच. तो इंजिनातली उष्णता गाडीच्या आत ओढून घेतो. आपण घामाघूम होतो आणि इंजिन वाचतं. आपल्याकडच्या कित्येक जुन्या गाड्यांत हीटरचे पाइप कोणीतरी बायपास करून टाकलेले असतात, तेव्हा तुमच्या गाडीचा हीटर चालतो का हे आधीच तपासून ठेवा.

रांगेत उभे असाल तर गाडी न्यूट्रलला टाका आणि ॲक्सिलरेटर हलकासा दाबून इंजिन थोडं वाढवून धरा. पंप जोरात फिरतो, कूलंट खेळतं राहतं. याच वेळात डावीकडची लेन धरायला लागा. दोन-तीन मिनिटांत काटा खाली यायला लागला तर एसी न लावता, हळू, डाव्या बाजूनं पुढे जा.

खाली येत नसेल, लाल पट्ट्याला लागला असेल, किंवा बोनेटच्या फटीतून वाफ दिसत असेल, तर पुढचा पेट्रोल पंप, पुढचा सिग्नल, घर यातलं काहीही मनात आणू नका. डबल इंडिकेटर लावा, डाव्या कडेला घ्या, इंजिन बंद करा. कोपरीच्या पुलावर किंवा मुंब्रा बायपासला कडेला जागाच नसते हे मला माहीत आहे. तिथे डबल इंडिकेटर लावून अगदी डाव्या कडेनं, थांबायला जागा मिळेपर्यंत जेमतेम सरकायचं, पण त्याहून एक मीटर जास्त नाही. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू द्या.

उतरायचं ते डाव्या दारानं, आधी आरसा बघून. रिफ्लेक्टरचा त्रिकोण गाडीच्या मागे पन्नास-एक पावलांवर ठेवा, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे. माणसांनी गाडीत किंवा गाडीमागे थांबायचं नाही, रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे जागा असेल तर तिथे उभं राहायचं. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा नंबर आहे, आणि धोका वाटला तर कुठूनही ११२.

किल्ली ऑनवर ठेवली तर काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा फिरत राहतो. तुमच्या गाडीत तसं असेल तर पाच-सात मिनिटं फिरू द्या. वाफ ओसरली की बोनेट उघडा, चेहरा लांब ठेवून. आणि मग थांबा. अर्धा-पाऊण तास. हाच सगळ्यात अवघड भाग. कोणीतरी बाइकवाला थांबतो, बाटलीतलं पाणी घेऊन येतो आणि मदतीच्या भावनेनं झाकणाला हात घालतो. त्याला नम्रपणे, पण ठामपणे थांबवा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायला तर कोणालाच देऊ नका. एकाएकी आकसल्यानं धातूला तडा जाऊ शकतो.

रेडिएटरला जोडलेला वरचा जाड रबरी होज पाइप फडक्यातून दाबून बघा. टणक आणि कढत असेल तर आत दाब आहे. मऊ आणि हाताला सोसवेल इतपत झाला की झाकणावर जाड फडकं दुमडून ठेवा, थोडंसंच फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या आणि मगच काढा. काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसतं. बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीलाच दाबाचं झाकण असतं, नियम तोच.

पाणी भरताना एकदम ओतू नका. थोडं थोडं घाला. रस्त्यात प्यायच्या बाटलीतलं पाणी चालेल, वेळ भागते. भरून झालं की खाली वाकून बघा. जितकं घातलं तितकंच गळत असेल तर टोइंग बोलवा. गळत नसेल आणि इंजिन नीट चालू झालं, तर एसी बंद ठेवून, दर मिनिटाला काटा बघत जवळच्या गॅरेजपर्यंत जा. काटा पुन्हा चढला तर पुन्हा थांबायचं. मागच्या नळीतून दाट पांढरा धूर येत असेल, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसत असेल, किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर गॅस्केटची शंका घ्या आणि गाडी चालवूच नका.

गॅरेजमध्ये गेल्यावर काय सांगायचं

नुसतं "गाडी गरम होते" म्हटलं की अंदाजानं सुटे भाग बदलणं सुरू होतं. कुठे गरम होते ते सांगा. माझी पद्धत साधी आहे: नवी मुंबईच्या मोकळ्या पाम बीच रस्त्यावर, की ठाण्याच्या तुंबलेल्या घोडबंदरला?

घोडबंदरच्या रांगेत काटा चढतो आणि रस्ता मोकळा मिळाला की उतरतो, असं असेल तर बहुधा पंखा. त्याचा फ्यूज, रिले, स्विच किंवा मोटर. घरीच बघता येतं: इंजिन चालू ठेवून एसी लावा, पंखा फिरायला हवा. मग एसी बंद करून गाडी उभी असतानाच गरम होऊ द्या, काटा नेहमीच्या जागेच्या आसपास आला की पंखा आपोआप सुरू व्हायला हवा. फिरत असताना किंवा थांबलेला असतानाही पात्यांजवळ हात नेऊ नका, तो कधीही सुरू होतो.

उलट, वाशीहून बेलापूरला पाम बीचवरून सरळ वेगात जाताना किंवा कसाऱ्याच्या चढाला गरम होत असेल, तर वारा भरपूर असूनही उष्णता बाहेर पडत नाहीये. कूलंट कमी असेल, रेडिएटर आतून क्षारांनी किंवा बाहेरून चिखलानं चोंदला असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, नाहीतर पंप थकला असेल. दोन्हीकडे गरम होत असेल तर आधी गळती शोधा. जास्त घासणारे ब्रेक, घसरणारा क्लच, कमी झालेलं ऑइल यांच्यानंही इंजिनावर भार येतो, तेही तपासून घ्या.

एका सल्ल्याला मात्र नाही म्हणा. "थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्या हवेत लागत नाही." हे मी तीन गॅरेजमध्ये ऐकलंय. थर्मोस्टॅट काढला की इंजिनाला नेमक्या तापमानाला यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते आणि मूळ दुखणं झाकलं जातं. बिघडलेला असेल तर नवा बसवा, तो महाग भाग नाही.

सीएनजी किट असलेल्या गाड्यांना आणखी एक गोष्ट लागू होते, आणि ठाण्यात अशा गाड्या खूप. किटच्या रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) गरम ठेवण्यासाठी कूलंटच्याच लाइनमधून दोन पाइप काढलेले असतात. म्हणजे गळायला चार जोड जास्त. आमचा फुटलेला पाइप त्यातलाच होता. दर सर्व्हिसला हे पाइप आणि त्यांचे क्लॅम्प मुद्दाम दाखवून तपासून घ्या. सीएनजीवर गाडी अडखळायला लागली आणि रिड्यूसरवर गारठ्याचा थर दिसला, तर कूलंट कमी झालंय का ते आधी बघा.

रविवारची दहा मिनिटं

सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झालेली असताना बोनेट उघडा. टाकीतलं कूलंट किमान आणि कमाल या दोन रेघांच्या मध्ये हवं. शक्य असेल तर रेडिएटरचं झाकणही उघडून बघा, कारण झाकणाचं रबर गेलं असलं तर टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा असतो. जुन्या गाडीला नवं झाकण हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, फक्त दाबाचा आकडा तोच हवा. होज पाइप बोटांनी दाबून बघा: भेगा, फुगवटा, क्लॅम्पजवळ वाळलेला पांढरा-हिरवा थर.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये कधीही घालू नका. त्यातले क्षार आत बसतात आणि नळ्या चोंदतात. कूलंट कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळा, तयार मिळतं ते तसंच भरा. डब्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या, दोन जातींची मिसळ करू नका. पूर्ण बदलायची मुदत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. पुस्तक हरवलं असेल आणि कूलंट गढूळ तपकिरी झालं असेल, तर मुदत संपली आहे. बदलताना आत अडकलेली हवा बाहेर काढायला सांगा. ती राहिली तर नवं कूलंट भरूनही गाडी तापते.

पावसाळ्यात पुढच्या जाळीतून चिखल, पानं, प्लास्टिकच्या पिशव्या आत जाऊन कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये अडकतात. इंजिन थंड असताना हलक्या धारेनं, शक्यतो आतून बाहेर अशा दिशेनं धुवा. जोरदार प्रेशरनं पातळ पत्र्या वाकतात.

चालवण्याच्या सवयी

माझ्या प्रसंगात काटा एकदम लाल झालेला नव्हता. भाईंदरच्या टोकापासून तो चढत असणार, आणि मी त्या पूर्ण वेळात एकदाही बघितलं नाही. तेव्हापासून गाडी थांबली की काटा, आरसे, पेट्रोल, याच क्रमानं एक नजर फिरवते. तीन हात नाक्याचा सिग्नल असो की कापूरबावडीची रांग, थांबणं म्हणजे बघणं. याला एक सेकंद लागतो. रस्ता मोकळा असेल तर काही मिनिटांनी एकदा, तेही समोर पुरेसं अंतर असताना. पूर्वी हा सेकंद मी मोबाइलला देत होते. आता तो बॅगेत, मागच्या सीटवर.

गाणी अगदी हळू लावते. पंखा सुरू झाल्याचा घर्र आवाज, पट्ट्याची किंचाळी, चाकातली घासघास हे ऐकू यायला हवं. पहिले सहा महिने तर गाण्यांशिवाय चालवा, तुमच्या गाडीचा आवाज तुमच्या कानात बसेल.

चढावरच्या रांगेत अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नका. हँडब्रेक ओढा, समोर गाडीभर जागा झाली की एकदाच पुढे जा. इंच-इंच सरकल्यानं क्लच जळतो आणि इंजिन तापतं. मोठ्या गिअरमध्ये धडधडत चढवण्यापेक्षा एक गिअर खाली घ्या. ट्रकच्या मागे चिकटू नका. त्याची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर ठेवा. धूर कमी लागतो, पुढचं दिसतं, आणि वेळ आलीच तर बाजूला काढायला जागा राहते. उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणं हा घाटातला जीवघेणा प्रकार आहे, सगळा भार ब्रेकवर येतो.

आणि निघायची वेळ. जुनी गाडी असेल तर घोडबंदरला दुपारी दोनला निघण्याऐवजी सकाळी सातला निघा. लांब जायचं असेल तर आदल्या दिवशी कूलंट आणि ऑइल बघा, सकाळी घाईत नाही.

आमच्या डिकीत आता एक पिशवी कायमची असते: दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर, एक लिटर तयार कूलंट, जुना टॉवेल, जाड हातमोजे, दोन क्लॅम्प, स्क्रू ड्रायव्हर, पंख्याचा जादा फ्यूज, टॉर्च आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण. सासरे दर महिन्याला ती उघडून सगळं जागेवर आहे ना ते मोजतात. मागच्या वेळी टॉवेल धुवायला काढला होता, तो त्यांनी त्याच दिवशी परत ठेवायला लावला.